रस्त्याचे पाणी आणि शेजारची जमीन

गावाला बारमाही रस्ता मिळाला की शेतमाल वेळेवर बाजारात पोहोचतो, आजारी माणसाला दवाखाना गाठता येतो आणि पावसाळ्यात मुलांची शाळा बुडत नाही. रस्त्यांच्या जाळ्याचा पद्धतशीर विचार देशात १९४३ च्या नागपूर योजनेपासून सुरू झाला. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात हाती घेतलेल्या कामांतून खेड्यापाड्यांत कितीतरी मातीचे रस्ते तयार झाले. पुढे २००० साली सुरू झालेली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आणि २०१५ ची मुख्यमंत्री ग्रामसडक योजना यांमुळे वाड्या-वस्त्यांपर्यंत डांबरी रस्ते गेले. या रस्त्यांचा लाभ सर्वांना होतो. मात्र त्यांच्यामुळे उद्भवणारी एक हानी थोड्यांच्या वाट्याला येते आणि म्हणूनच ती सहसा दुर्लक्षित राहते. ही हानी म्हणजे रस्त्यावरून व रस्त्याच्या कडेने वाहणाऱ्या पाण्याने शेजारच्या शेताची, विहिरीची किंवा घराची होणारी नासधूस होय.

मोरीच्या तोंडाशी पडलेली घळ, खरवडून गेलेला मातीचा थर, वरच्या अंगाला तुंबलेल्या पाण्यात पिवळे पडलेले पीक, घरात शिरलेला गढूळ लोंढा, ही दृश्ये पावसाळ्यात अनेक गावांत दिसतात. त्यांचे खापर बहुधा अतिवृष्टीवर फोडले जाते. वस्तुतः यांतील बरेचसे नुकसान पाण्याच्या निचऱ्याची व्यवस्था अपुरी राहिल्यामुळे होते, आणि म्हणूनच ते टाळता येण्यासारखे असते.

रस्त्यामुळे नेमके काय बदलते?

पावसाच्या मोजमापाचा एक सोपा हिशेब आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. उदाहरणादाखल, एका उताराच्या शिवारातून ५०० मीटर लांबीचा रस्ता आडवा गेला आहे आणि त्याच्या वरच्या अंगाला २०० मीटरपर्यंत उतार आहे, असे धरावे. हे क्षेत्र १० हेक्टर, म्हणजे एक लाख चौरस मीटर होते. त्यावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५० लाख लिटर पाणी पडेल. त्यातील ३० टक्के पाणी वाहून निघाले असे मानले तरी ते १५ लाख लिटर, म्हणजेच सेकंदाला सुमारे ४१५ लिटर भरते.

रस्ता नव्हता तेव्हा हेच पाणी ५०० मीटरच्या रुंदीवर पसरून खाली उतरत असे. उताराच्या प्रत्येक मीटर रुंदीवरून सेकंदाला एक लिटरदेखील पाणी वाहत नसे. बांध, गवत आणि झाडोरा यांमुळे त्याचा वेग मंदावे. रस्त्याचा भराव आडवा आल्यावर हे पाणी त्याच्या कडेला अडते, चरातून एका दिशेने धावते आणि मोरीच्या एका नळीतून चारशे लिटरांच्या लोंढ्याने पलीकडे पडते. पाणी तेवढेच असते. परंतु पूर्वी जे वीस शेतांत वाटले जाई, ते आता एका शेताच्या पदरात पडते. साध्या मातीच्या पृष्ठभागाला सेकंदाला सुमारे एक मीटरहून अधिक वेग सहसा सोसत नाही. नळीतून सुटणाऱ्या पाण्याचा वेग त्याहून पुष्कळ जास्त असू शकतो. त्यामुळे मोरीच्या तोंडाशी प्रथम खड्डा पडतो, खड्ड्याची ओघळ होते आणि ओघळीची घळ होते. एक सेंटिमीटर सुपीक माती तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात, ती वाहून जाण्यास मात्र एखादा पावसाळा पुरतो.

याच उदाहरणातून आणखी एक बाब स्पष्ट होते. ३.७५ मीटर रुंदीच्या एक किलोमीटर डांबरी रस्त्यावर ५० मिलिमीटर पावसाचे सुमारे १ लाख ८७ हजार लिटर पाणी पडते. वरच्या दहा हेक्टरांतून येणारे पाणी याच्या आठपट आहे. केवळ रस्त्यावरचे पाणी डोळ्यांपुढे ठेवून चर आणि मोऱ्या आखल्या तर त्या अपुऱ्या पडणार, हे उघड आहे. रस्त्याच्या वरचे संपूर्ण पाणलोट क्षेत्र हिशेबात घेतले पाहिजे.

पाणी कोठे सोडावयाचे?

रस्त्याच्या निचऱ्याचा पहिला प्रश्न म्हणूनच "पाणी कोठे सोडावयाचे?" हा असतो. चर किती खोल आणि नळी किती रुंद, हे प्रश्न त्यानंतरचे. रस्त्याने गोळा केलेले पाणी ओढा, नाला किंवा कायम ओघळ अशा नैसर्गिक प्रवाहापर्यंत सुरक्षित नेऊन सोडले म्हणजेच निचऱ्याचे काम पूर्ण होते. प्रत्यक्षात पुष्कळदा काम मोरीच्या पलीकडच्या तोंडाशी, म्हणजे रस्त्याच्या हद्दीवर थांबते. तेथून पुढे नाल्यापर्यंतचे शंभर-दोनशे मीटर अंतर कोणाच्याच अंदाजपत्रकात नसते. नुकसान मात्र नेमके त्याच अंतरात होते.

मोरीची जागाही महत्त्वाची आहे. जेथे पूर्वीपासून ओघळ आहे तेथेच, तिच्या दिशेने आणि तिच्या तळपातळीला मोरी असावी. ती तळापेक्षा उंच बसली तर वरच्या अंगाला पाणी तुंबते आणि खालच्या अंगाला धबधबा होतो. खोल बसली तर गाळाने भरते. बारीक नळ्या काटक्या, पाचट आणि गाळ यांनी लवकर बुजतात व आतून साफ करता येत नाहीत. शक्य तेथे माणसाला आत शिरून साफसफाई करता येईल, अशी सुमारे एक मीटर व्यासाची नळी घालणे पुढील खर्चाच्या दृष्टीने हितावह ठरते. मोरीच्या तोंडाशी दगडांचे फरसबंदीकाम आणि त्याच्या शेवटी जमिनीत उतरवलेली आडवी भिंत असावी. त्यामुळे पाण्याचा जोर मोडतो आणि खालची माती खचत नाही.

थोडे थोडे, वारंवार आणि पसरून

सर्व पाणी मोरीपर्यंत नेण्याची गरज नसते. बाजूच्या चराला ठरावीक अंतरावर तिरके फाटे काढून थोडे थोडे पाणी गवताळ पडीक जागेत किंवा झाडांच्या पट्ट्यात समतल रेषेने पसरून सोडता येते. उतार जितका तीव्र, तितके हे फाटे जवळ जवळ हवेत. फाट्याचे तोंड उभ्या पिकावर, विहिरीवर किंवा घराच्या जोत्यावर उघडणार नाही, हे पाहावे. फाटा खाजगी जमिनीत जाणार असेल तर जमीनधारकाची लेखी संमती घेणे आवश्यक आहे.

चराचा उतार फार सौम्य असल्यास त्यात गाळ बसतो व फार तीव्र असल्यास चरच खरवडत जातो. तीव्र उतारावर चराच्या तळाशी दगडांचे अस्तर द्यावे किंवा दगडी आडव घालून पाणी पायऱ्यापायऱ्यांनी उतरवावे.

रस्त्याच्या पृष्ठभागाकडेही लक्ष हवे. डांबरी रस्त्याला मध्यापासून दोन्ही कडांकडे सुमारे दोन ते अडीच टक्के उतार देतात. खडीच्या रस्त्याला तो अडीच ते तीन टक्के, तर मातीच्या रस्त्याला तीन ते चार टक्के असतो. साइडपट्टीचा उतार त्याहून थोडा अधिक असावा लागतो. कालांतराने साइडपट्टीवर गवत आणि माती साचून ती डांबरापेक्षा उंच होते. मग पाणी कडेला उतरू शकत नाही. ते रस्त्यावरूनच वाहत राहते आणि पहिल्या सखल जागी एकदम बाहेर पडते. त्या सखल जागेशेजारी ज्याचे शेत असेल त्याचा बांध फुटतो. साइडपट्टी वर्षातून एकदा खरवडून उतारात आणणे हे अल्प खर्चाचे काम आहे आणि त्याने रस्ता व शेत या दोहोंचे रक्षण होते.

भूप्रदेशानुसार वेगळी काळजी

कोकणात वार्षिक पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर वा त्याहून अधिक असतो आणि रस्ते डोंगरउतार कापून जातात. डोंगराच्या बाजूचा चर दरडीच्या मातीने भरला की पाणी रस्ता ओलांडते आणि खालच्या वाडीतील परसात किंवा भातखाचरात कोसळते. तेथे चर चिऱ्याने किंवा दगडाने बांधलेला हवा, मोऱ्या जवळ जवळ हव्यात आणि प्रत्येक मोरीचे पाणी पऱ्यापर्यंत किंवा वहाळापर्यंत बांधीव मार्गाने गेले पाहिजे. खाचराची बांधावळ एकदा फुटली की खालची खाचरे एकामागून एक फुटत जातात.

मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातील काळ्या जमिनीचा प्रश्न वेगळा आहे. ही माती पाण्याने फुगते आणि तिच्यातून निचरा हळू होतो. सपाट शिवारातील उंच भराव बंधाऱ्यासारखा वागतो. वरच्या अंगाला दिवसेंदिवस वाफसा होत नाही, कापूस आणि सोयाबीन पिवळे पडते आणि जमीन चिबड होऊ लागते. अशा भागात एका मोठ्या मोरीपेक्षा अनेक ठिकाणी मोऱ्या किंवा बुडीत फरश्या देऊन पाण्याला पूर्वीप्रमाणे रुंदीवर पसरून जाऊ देणे श्रेयस्कर असते.

पाणंद रस्त्यांबाबत विशेष सावधगिरी हवी. दोन्ही बाजूंच्या शेतांपेक्षा खोल असलेली जुनी पाणंद उन्हाळ्यात गाडीवाट असते आणि पावसाळ्यात शिवाराचा नाला असतो. २०२१ साली राज्यात मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना आखली गेली. अशा कामांत भराव टाकून पाणंद उंच केली आणि बाजूला चर काढला नाही, तर तिच्यातून वाहणारे पाणी दोन्हीकडच्या शेतांत शिरते. रस्त्यासाठी आनंदाने जागा सोडणारा शेतकरीच मग पुढच्या वर्षी तक्रारदार होतो.

पश्चिम महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात वर्षाचा पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटर असतो, पण तो थोड्या दिवसांत जोराने पडतो. येथे रस्त्याचे पाणी ही आपत्ती तशीच संपत्तीही आहे. फाट्यांचे पाणी समतल चरांत, पडीक जमिनीत किंवा शेततळ्यात वळविता येते. शेततळे भरावाच्या पायथ्यापासून दूर ठेवावे, अन्यथा झिरपणाऱ्या पाण्याने रस्ता खचतो. तळ्यापूर्वी गाळ बसण्यासाठी एक छोटा हौद असावा. रस्त्यावरील पाण्यात तेल, रबराचा चुरा आणि घाण मिसळलेली असते. त्यामुळे ते पिण्याच्या विहिरीत थेट सोडणे योग्य नाही.

गावठाणातील घरे

गावठाणात हा प्रश्न घराच्या उंबरठ्यापर्यंत येतो. जुना रस्ता न खोदता त्यावर दर काही वर्षांनी नवा थर चढविला जातो. दोन-तीन थरांनंतर रस्ता घरांच्या ओट्याच्या बरोबरीला आणि पुढे जोत्याच्याही वर जातो. परिणामी, पूर्वी घराचे पाणी रस्त्यावर जाई, ते आता उलट रस्त्यावरून घरात येते. मातीच्या भिंतींची घरे अशा ओलीने खचतात, आणि अशी घरे बहुधा गावातील गरिबांचीच असतात.

यावर उपाय साधा आहे. नव्या कामापूर्वी दोन्ही बाजूंच्या जोत्यांच्या पातळ्या मोजाव्यात, जुना थर काढून पूर्वीचीच पातळी राखावी आणि आधी गटार, मग रस्ता हा क्रम कटाक्षाने पाळावा. गटार गावाबाहेरील नाल्यापर्यंत नेणे शक्य नसेल तर रस्त्याचे कामच अपुरे आहे, असे मानले पाहिजे.

कायदा काय सांगतो?

भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ चा विस्तार १८९१ मध्ये तत्कालीन मुंबई इलाख्यावर झाला. वरच्या जमिनीवर नैसर्गिकरीत्या पडलेले पाणी खालच्या जमिनीवर स्वाभाविकपणे उतरू देणे खालच्या जमीनधारकावर बंधनकारक आहे, हे तत्त्व या अधिनियमाने मान्य केले आहे. या तत्त्वाचा भर नैसर्गिक वाहण्यावर आहे. कृत्रिमरीत्या एकवटून एकाच ठिकाणी सोडलेला लोंढा त्यात सहजपणे बसत नाही. हा भेद रस्ते आखणाऱ्यांनी आणि जमीनधारकांनी सारखाच ध्यानात ठेवावा.

शेतजमिनीवरील नैसर्गिक पाण्याच्या वाटेत कोणी कायदेशीर अधिकाराविना अडथळा उभा केला आणि त्यामुळे लगतच्या शेताचे किंवा पिकाचे नुकसान झाले वा होण्याचा संभव असला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ अन्वये तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. ही मुदत माहीत नसल्याने अनेकांचा एक पावसाळा तक्रारीत आणि दुसरा पश्चात्तापात जातो. शासकीय रस्त्याचा भराव कायदेशीर अधिकाराने घातलेला असतो. त्याबाबतचे गाऱ्हाणे रस्त्याच्या मालकी यंत्रणेकडेच मांडावे लागते.

सामान्यतः राज्य महामार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. गावठाणातील गल्ल्या व गटारे ग्रामपंचायतीची असतात. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ ने सार्वजनिक रस्त्यांवरील अडथळे आणि अतिक्रमणे दूर करण्याचा अधिकार पंचायतीला दिला आहे. पाणी नेण्यासाठी खाजगी जमिनीतून नवा चर काढणे अपरिहार्य असेल आणि संमती मिळत नसेल, तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे योग्य भरपाई देऊनच जागा घेतली पाहिजे.

जबाबदारी एकाच बाजूची नसते. शेतात गाडी नेण्यासाठी चर बुजविणे, मोरीचे तोंड दगड-मातीने बंद करणे, ओघळ नांगरून शेतात मिळविणे, हे प्रकारही सर्रास घडतात. अडवलेले पाणी मग शेजाऱ्याच्या शेतातून वाट काढते. शेतात जाण्याची सोय हवी असल्यास यंत्रणेच्या परवानगीने चरात योग्य मापाची नळी घालून वर भराव करावा.

नैसर्गिक वाटा बुजविण्याचा परिणाम किती भयंकर होऊ शकतो, हे जून २०१३ मध्ये पुणे-सातारा महामार्गावर कात्रजनजीकच्या शिंदेवाडी येथे दिसले. वरच्या अंगाला डोंगर फोडून ओघळींची वाट मोडली गेली होती. जोराचा पाऊस येताच पाणी व चिखल महामार्गावर लोटला आणि त्यात एका महिलेचा व तिच्या लहान मुलीचा बळी गेला.

पंचायतीने करावयाची कामे

या प्रश्नाचा मोठा भाग गावपातळीवर सुटण्यासारखा आहे. त्यासाठी पुढील क्रम उपयोगी पडेल.

१. एप्रिलमध्ये सरपंच, सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी, ग्राम महसूल अधिकारी आणि शक्य असल्यास शाखा अभियंता यांनी रस्त्याने पायी फेरी काढावी. प्रत्येक मोरी, फाटा आणि बुजलेला चर गावनकाशावर नोंदवावा व पाणी शेवटी कोठे जाते ते प्रत्यक्ष चालत जाऊन पाहावे.

२. महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत ही नोंद वाचून दाखवावी. कोणाच्या जमिनीला धोका आहे, कोणी वाट अडविली आहे, याची चर्चा तेथेच व्हावी. पाऊस पडण्यापूर्वी झालेली तडजोड पाऊस पडल्यानंतरच्या भांडणापेक्षा नेहमीच सोपी असते.

३. मेअखेर चर, मोऱ्या आणि साइडपट्ट्या साफ कराव्यात. काढलेला गाळ चराच्या काठावर टाकू नये, तो पहिल्याच पावसात परत आत येतो.

४. पहिल्या जोरदार पावसात कोणीतरी जबाबदार व्यक्तीने पुन्हा त्याच वाटेने जावे. निचऱ्याचे दोष वाहत्या पाण्यात जितके स्पष्ट दिसतात, तितके कोरड्या दिवशी दिसत नाहीत.

५. नुकसान झाल्यास त्याच आठवड्यात छायाचित्रे, पंचनामा आणि रस्त्याच्या मालकी यंत्रणेकडे लेखी अर्ज हे तिन्ही करावे. अर्जात रस्त्याचे नाव, किलोमीटरचा दगड आणि गट क्रमांक नमूद करावा.

६. नव्या रस्त्याचा ठराव करतानाच पाणी कोठे सोडणार, याचा उल्लेख ठरावात घालावा आणि नाल्यापर्यंतच्या चराचा खर्च अंदाजपत्रकात समाविष्ट करण्याचा आग्रह धरावा.

शिक्षकांनाही यात हातभार लावता येईल. सरळ उभ्या कडांचे भांडे व मोजपट्टी यांच्या साहाय्याने विद्यार्थी रोजचा पाऊस मोजू शकतात, शाळेजवळच्या रस्त्याचे क्षेत्रफळ काढू शकतात आणि त्यावरून किती लिटर पाणी वाहिले, हे सांगू शकतात. गणिताचा हा तास गावाला उपयोगी नोंदवही देऊन जातो. अशा नोंदी आणि गावातील वडीलधाऱ्यांना ठाऊक असलेल्या जुन्या ओघळी एकत्र केल्या, तर अभियंत्याला मोरीची जागा ठरविणे सुकर होते.

चर साफ करण्यासाठी लागणारे काही दिवसांचे श्रम आणि मोरीपासून नाल्यापर्यंतच्या शे-दोनशे मीटरांचा खर्च रस्त्याच्या एकूण खर्चाच्या मानाने अल्प आहे. तो वाचविला तर त्याची किंमत खालच्या अंगाच्या एखाद्या अल्पभूधारकाला आपल्या जमिनीच्या रूपाने मोजावी लागते. रस्ता सर्वांचा असेल तर त्याच्या पाण्याची जबाबदारीही सर्वांचीच असली पाहिजे.